गोक्तेकचा पूल आणि त्याचे धनी

ब्रह्मदेशांत मंडालेहून लाशिओकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गोक्तेक नांवाची एक खोल दरी आहे, आणि तिच्यावर सव्वाशें वर्षांपूर्वीं बांधलेला एक पोलादी पूल आहे. ता. २४ ऑगस्ट २०२५ रोजीं या पुलाच्या कांहीं भागाची स्फोटानें मोडतोड झाली. तेथील लष्करी सरकारानें जाहीर केलें कीं, हें कृत्य तआंग लोकांच्या बंडखोर सैन्याचें व त्याच्या साथीदारांचें होय. त्या सैन्यानें उत्तर दिलें कीं, पूल आम्हीं उडविला नाहीं. सरकारच्याच ड्रोनांनीं टाकलेले बाँब त्यावर पडले. दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवितात आणि दोघेही म्हणतात कीं, पूल जनतेचा आहे. ज्या पुलाचा आज प्रत्येकजण जनतेच्या नांवानें पुकारा करतो, तो बांधतांना जनतेस कोणीं विचारलें होतें, त्याचा पैसा कोणाचा होता आणि त्यावरून माल कोणाचा गेला, हें एकदां तपासून पाहणें अस्थानीं होणार नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कांहींजण म्हणतील कीं, परमुलखांतल्या एका दरीवरील पुलाशीं मुंबई-पुण्याच्या किंवा सोलापूर-नागपूरच्या माणसाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो वरवर दिसतो त्याहून बराच जवळचा आहे. हा पूल उभा राहिला तेव्हां ब्रह्मदेश हा हिंदुस्थान सरकारच्या अमलाखालील एक प्रांत होता. तो वेगळा झाला तो १९३७ सालीं. म्हणजे ज्या तिजोरींत कोंकणांतील कुळवाड्याचा शेतसारा व मुंबईच्या व्यापाऱ्याचा प्राप्तीवरील कर पडत होता, त्याच तिजोरीच्या हमीवर या लोहमार्गाचें काम चाललें होतें.

प्रथम स्थळाचें वर्णन करूं. मंडाले हें इरावतीच्या कांठचें सखल शहर आहे. तेथून पूर्वेस निघालें कीं, थोड्याच वेळांत शान पठाराचा उभा कडा आडवा येतो. तो चढतांना गाडीला नागमोडी टप्प्यांवर पुढें-मागें करावें लागतें. एका टप्प्यावर इंजिन ओढतें, पुढच्यावर तेंच ढकलतें. आपल्या बोरघाटांत १९२९ पर्यंत जें रिव्हर्सिंग स्टेशन होतें, त्याची हकीकत ज्यांनीं वडिलांकडून ऐकिली असेल त्यांस ही युक्ति समजावून सांगण्याचें कारण नाहीं. घाट चढून गेल्यावर मेम्यो लागतें. 'म्यो' म्हणजे नगर, आणि 'मे' हें बंगाल पायदळाच्या एका कर्नलाचें आडनांव. साडेतीन हजार फूट उंचीवरील ही थंड हवेची जागा इंग्रज अंमलदारांची उन्हाळी राजधानी होती. हल्लीं तिला पिनऊल्विन म्हणतात. मेम्योच्या पुढें पठार सपाट होत जातें, शेतें व बांबूंची बनें लागतात, आणि जमीन आतां अशीच पुढें जाईल अशी प्रवाशाची समजूत होत आहे तोंच ती एकाएकीं तुटते. समोर चुनखडीच्या खडकांची दरी येते, आणि पलीकडच्या कड्यापर्यंत पांढुरक्या पोलादाची एक बारीक रेघ ओढल्यासारखी दिसते. तोच गोक्तेकचा पूल.

त्याची लांबी सुमारें २,२६० फूट आहे. दरीच्या तळांतून वर आलेले पंधरा मनोरे त्यास तोलून धरतात. त्यांतील सर्वांत उंच मनोरा सुमारें ३२० फुटांचा आहे. पण मौज पुढेंच आहे. मनोऱ्यांचे पाय जेथें टेकले आहेत तो दरीचा खरा तळ नव्हेच. तो निसर्गानेंच घडविलेला दगडी पूल आहे. नदी त्याच्या पोटांतून भुयार करून वाहते, आणि ती मनोऱ्यांच्या पायथ्यापासून आणखी सुमारें पांचशें फूट खोल आहे. रुळांवरून नदीचें पाणी पाहावयाचें तर दृष्टि आठशें फुटांहून अधिक खालीं जाते. निसर्गानें अर्धें काम करून ठेविलें होतें आणि इंजिनियरांनीं त्यावर आपला मजला चढविला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. या पुलावरून गाडी माणसाच्या चालीनें जाते. जुन्या पोलादास हादरा बसूं नये म्हणून हा वेग ठरविलेला आहे. त्यामुळें डब्यांतील उतारूस दरी पाहावयास भरपूर वेळ मिळतो, मग त्याची इच्छा असो वा नसो.

हा पूल ज्या पद्धतीचा आहे तिला कैचीची बांधणी म्हणतात. कौलारू घराचें छप्पर धरण्यास सुतार जी लांकडी कैची बसवितो, तिचेंच हें मोठें भावंड. या पद्धतीचें सारें रहस्य त्रिकोणांत आहे. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यांवर एकेक खिळा मारून जोडा आणि एका बाजूनें दाबा; ती ताबडतोब कलते. तीन पट्ट्यांचा त्रिकोण तसाच जोडून दाबा. पट्टी मोडेल किंवा खिळा तुटेल, पण त्रिकोण कलणार नाहीं. असे त्रिकोण एकापुढें एक मांडून दोन कडांच्या मध्यें बसविले म्हणजे एक लांब तुळई तयार होते. वरून ओझें आलें कीं, तिची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधल्या तिरप्या पट्ट्या तो भार टेंकूंपर्यंत पोंचवितात. भरीव तुळईंत जें पोलाद कांहींच काम न करतां नुसतें स्वतःचें वजन वाढवीत बसतें, तें येथें काढून टाकलेलें असतें. थोड्या धातूंत अधिक अंतर ओलांडण्याची ही विद्या आहे, आणि जेथें धातु हजारों मैलांवरून आणावयाचा तेथें तिचें मोल किती असेल हें व्यापाऱ्यांस कळेल. गोक्तेक येथें १२० फुटांचे दहा गाळे अशा कैच्यांचे आहेत. लहान, ६० फुटांच्या गाळ्यांस मात्र सपाट पत्र्यांच्या तुळया पुरल्या. रूळ कैच्यांच्या माथ्यावरून जातात. त्यामुळें प्रवाशाच्या नजरेच्या आड लोखंडाची एक काडीही येत नाहीं, आणि भित्र्या माणसास आपण हवेंतूनच चाललों आहों असें वाटतें.

ओझ्याखेरीज अशा पुलास आणखी दोन शत्रु असतात. एक वारा. यासाठीं प्रत्येक मनोऱ्याचे पाय खालीं फांकलेले ठेवतात. पाय जवळ ठेवून उभ्या असलेल्या माणसास धक्का देणें सोपें, पाय फांकून उभा राहिलेल्यास पाडणें कठीण, असा हा हिशेब आहे. दुसरा शत्रु उष्मा. पोलाद तापलें कीं लांबतें. पुलाच्या एकंदर लांबीवर तीस अंशांचा फरक पडला तर ही वाढ जवळजवळ दहा इंच होते. ती सामावून घेण्यास सांध्यांतून जागा ठेविली नाहीं, तर उन्हाळ्यांतली एक दुपार जें करील तें शत्रूच्या सुरुंगासही करतां येणार नाहीं. हे सांधे मोकळे राहावे, त्यांत गंज व माती बसूं नये, हें रोज पाहणारा माणूस पुलाच्या आयुष्यांत त्याच्या इंजिनियराइतकाच महत्त्वाचा असतो. पण त्याचें नांव कोणत्याही शिलालेखावर नसतें.

आतां बांधणाराकडे वळूं. मुलूख इंग्रजांचा, आगगाडीची कंपनी इंग्रजांची, तिचे सल्लागार सर अलेक्झांडर रेंडेल हे नामांकित इंग्रज इंजिनियर. तेव्हां पूल इंग्रज कारखानदारांचा असणार अशी कोणाचीही समजूत होईल. पण निविदा उघडल्या तेव्हां पेनसिल्व्हानिया स्टील कंपनी या अमेरिकन कारखान्याचा भाव कमी निघाला आणि मुदतही कमी निघाली. काम त्यांजकडे गेलें. जवळजवळ त्याच सुमारास, म्हणजे १८९९ सालीं, सुदानांतील आतबारा नदीवरच्या पुलाचें कामही फिलाडेल्फियाच्या कारखान्याकडे गेलें होतें, कारण किचनेर साहेबांस पूल ताबडतोब हवा होता आणि इंग्लंडांतील कारखाने ती मुदत पाळूं शकत नव्हते. १८९७-९८ च्या टाळेबंदीनें त्यांचीं कामें आधींच तुंबलीं होतीं. यावरून विलायतेंतील पत्रांनीं मोठा गहजब केला. साम्राज्याचे पूल परक्यांनीं बांधावे काय, साम्राज्याचा पैसा परक्यांच्या खिशांत जावा काय, असे प्रश्न त्यांतून विचारले जाऊं लागले.

हा गहजब वाचून त्या वेळच्या हिंदी वाचकास हंसावें कीं रडावें हें कळलें नसेल. मँचेस्टरचें कापड स्वस्त म्हणून आमच्या कोष्ट्यांनीं माग मोडावे. हें अर्थशास्त्राचें अटळ तत्त्व! आमच्या गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के जकात बसवावी, कां तर लँकेशायरवर अन्याय होऊं नये, हाही न्याय! पण पेनसिल्व्हानियाचें पोलाद स्वस्त म्हणून शेफील्डच्या किंवा ग्लासगोच्या भट्ट्या थंड पडूं लागल्या कीं, तेंच तत्त्व राष्ट्रद्रोह ठरतें. गोक्तेकच्या निविदेनें एक गोष्ट मात्र उघड केली. उघडा लिलाव झाला तर राज्यकर्त्यांचा माल टिकेलच असें नाहीं, हें राज्यकर्त्यांच्याच कंपनीनें कागदावर लिहून दिलें.

अमेरिकनांचा भाव कमी कां निघाला हेंही समजून घेतलें पाहिजे, कारण नुसत्या कमी नफ्यानें असा फरक पडत नाहीं. त्या देशांत नद्या मोठ्या, दऱ्या खोल, मजुरी महाग आणि लोहमार्ग घालण्याची घाई फार. म्हणून तेथें पुलाचे भाग ठराविक मापांत, कारखान्यांतच छिद्रें पाडून तयार करावयाचे आणि जागेवर नुसते जोडावयाचे, ही रीत पडली. न्यूयॉर्क संस्थानांत जेनेसी नदीच्या दरीवर पोर्टेज येथें १८५२ सालीं लांकडाचा प्रचंड पूल बांधला होता. तो १८७५ च्या मे महिन्यांत जळून खाक झाला, आणि जुलैअखेर त्याच जागीं लोखंडी पुलावरून गाड्या धांवूं लागल्या. तो पूल २०१७ सालीं नवी पोलादी कमान होईपर्यंत काम देत होता. पेनसिल्व्हानियांत किंझुआ नाल्यावर १८८२ सालीं ३०१ फूट उंच व २,०५३ फूट लांब पूल अवघ्या ९४ दिवसांत उभा केला. हीं अशीं कामें ज्यांच्या अंगवळणीं पडलीं होतीं, त्यांस गोक्तेक ही फक्त दूरची जागा होती, नवी अडचण नव्हती. विद्या पुस्तकांत असते हें खरें. पण ती स्वस्त होते ती हजार वेळां हातांखालून गेल्यावर.

किंझुआचा विषय निघालाच आहे तर त्याचा शेवटही सांगतों. १९०० सालीं, म्हणजे गोक्तेकचें काम चाललें असतांनाच, जड इंजिनांसाठीं किंझुआचा पूल पोलादांत पुन्हां बांधला. मनोरे सगळे नवे झाले. पायांत मनोरे जखडून ठेवणारे खिळे मात्र १८८२ चेच ठेवले. बचत झाली. ता. २१ जुलै २००३ रोजीं वावटळ आली आणि वीस मनोऱ्यांपैकीं अकरा आडवे झाले. चौकशी झाली तेव्हां ते जुने खिळे गंजून निकामी झाल्याचें दिसून आलें.

गोक्तेकचे भाग अमेरिकेहून जहाजांनीं रंगूनला आले व तेथून रेलगाडीनें दरीच्या कांठीं. १८९९ सालीं उभारणी सुरू झाली, १९०० सालीं पूल पुरा झाला आणि १९०१ सालीं रहदारीस लागला. इतक्या खोल दरींत खालून पालाख बांधणें परवडणारें नव्हतें. म्हणून तयार झालेल्या भागावरच एक भला मोठा चालता पाळणा उभा केला होता. तो दरीवर पुढें तोंड काढून पुढच्या मनोऱ्याचे तुकडे खालीं सोडी, मनोरा जुळला कीं त्यावर गाळा ठेवी आणि मग स्वतः त्या गाळ्यावर सरके. पुलानेंच पूल बांधीत जावें अशी ती युक्ति. मुख्य कारागीर अमेरिकन होते. अंगमेहनत इकडच्याच मजुरांची होती. त्या मजुरांचीं गांवें-नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. कंपनीच्या कागदांत टनांचा हिशेब बारकाईनें आहे. घामाचा रकाना नाहीं.

आतां पैशाचा प्रश्न. त्यासाठीं १८८५ सालाकडे जावें लागतें. मंडालेच्या थिबा राजाच्या दरबारानें 'बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या कंपनीवर सागवानाचे ओंडके ठरल्याहून अधिक नेल्याचा आरोप ठेवून जबर दंड केला. कंपनीचें नांव पाहा. ती आपल्या मुंबईंत नोंदलेली होती, धनी अर्थात् इंग्रज. दंडाचा निवाडा खरा कीं खोटा हें ठरविण्यास अपील, लवाद, पुराव्याची फेरतपासणी असे मार्ग होते. कोणत्याही मुन्सफाच्या कोर्टांत याहून क्षुल्लक दाव्यासाठीं महिनाभर साक्षी चालतात. पण येथें निकाल तोफांनीं लावला. दोन आठवड्यांच्या स्वारींत मंडाले पडली, आणि ता. १ जानेवारी १८८६ रोजीं उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला. स्वारीचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरींतून गेला.

त्याच डिसेंबरांत मुंबईस गोकुळदास तेजपाळ संस्कृत पाठशाळेंत राष्ट्रीय सभेची पहिली बैठक भरली होती. ७२ प्रतिनिधी होते. त्यांच्या पहिल्यावहिल्या ठरावांपैकीं एक ब्रह्मदेशाविषयीं होता: हें राज्य खालसा करणें इष्ट नाहीं, आणि सरकारास करावयाचेंच असेल तर सारा ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या कारभारापासून वेगळा ठेवावा. कित्येक लोक या ठरावांत नुसता हिशेबीपणा पाहतात. आमच्या मतें शेजाऱ्याच्या घराची जप्ती आमच्या खर्चानें होऊं नये, एवढें म्हणणें हीसुद्धां त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. ठराव दप्तरीं दाखल झाला. तो मान्य व्हावयास, तोही निराळ्याच कारणासाठीं, १९३७ साल उजाडावें लागलें.

थिबा राजास रत्नागिरीस आणून ठेविलें. समुद्राकडे तोंड केलेला त्याचा वाडा अजून तेथें उभा आहे. १९१६ सालीं तो राजा तेथेंच वारला. आणि ज्या रत्नागिरींत मंडालेचा राजा कैदेंत होता, त्याच रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ सालीं राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेच्या तुरुंगांत गेले. 'गीतारहस्या'चा मजकूर तेथेंच लिहिला गेला. त्याच मंडालेहून गोक्तेककडे जाणारी गाडी सुटत असे. राजास इकडे आणण्यास आणि लोकनायकास तिकडे नेण्यास साम्राज्याजवळ वाहनांची कधींच वाण नव्हती.

मग लोहमार्ग कशासाठीं? शान लोकांच्या सोयीसाठीं असें सरकारी अहवालांतून वाचावयास मिळेल. खरा हेतु चीनचा व्यापार हा होता. मंडालेहून लाशिओ, तेथून साल्वीन नदीवरील कुनलाँगचा उतार, आणि पुढें युनान. तेथें फ्रेंच लोक टाँकिनकडून पोंचण्याच्या आंत आपण पोंचावें, ही धांदल होती. परंतु लॉर्ड कर्झन १९०१ सालीं ब्रह्मदेशांत आले तेव्हां त्यांनींच युनानच्या लोहमार्गाची कल्पना वेडगळ म्हणून झिडकारली. मार्ग लाशिओस येऊन थांबला. आठशें फूट खोल दरी ओलांडून गाडी ज्या बाजारास निघाली होती, त्या बाजारास ती पोंचलीच नाहीं. ज्या व्यापाऱ्यानें दुकान उघडण्यापूर्वीं गिऱ्हाईक पाहिलें नाहीं त्यास आपण मूर्ख म्हणतों. हमीचें व्याज दुसऱ्यानें भरावयाचें असलें म्हणजे त्याच मूर्खपणास दूरदृष्टि म्हणतात.

एक उपयोग मात्र खरोखर झाला. लाशिओच्या वायव्येस बॉडविन येथें चांदी व शिसें यांची जुनी खाण होती. चिनी लोक शतकानुशतकें ती खणीत असत. तेथें यूरोपियन भांडवल उतरलें, नामटू येथें भट्ट्या निघाल्या, अरुंद रुळांची एक शाखा मुख्य मार्गाला येऊन मिळाली, आणि शिशाच्या विटा गोक्तेकवरून समुद्राकडे वाहूं लागल्या. त्या उद्योगांत ज्यांनीं मोठी माया जोडली त्यांत हर्बर्ट हूवर नांवाचे एक अमेरिकन खाण-इंजिनियर होते. तेच पुढें १९२९ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष झाले. पूल अमेरिकन पोलादाचा, खाणीचा नफा बराचसा परकी भागीदारांचा, आणि हमी हिंदी रयतेची, असा हा त्रिवेणी संगम!

चीनचा माल चाळीस वर्षांनीं आला, पण उलट दिशेनें आणि निराळ्या रूपानें. जपाननें चीनचीं बंदरें अडविल्यावर चिनी लोकांनीं लाशिओपासून कुनमिंगपर्यंत सातशें मैलांहून लांब मोटाररस्ता केला. तो १९३८ सालीं पुरा झाला. रंगूनला उतरलेली युद्धसामग्री रेलगाडीनें याच पुलावरून लाशिओस जाई आणि तेथून मोटारींनीं चीनांत. १९४० च्या जुलैंत जपानच्या धमकीवरून इंग्लंडनें तो रस्ता तीन महिने बंद ठेविला, हें विसरूं नये. १९४२ च्या एप्रिलअखेर लाशिओ जपान्यांच्या हातीं पडलें. त्या माघारींत पुलाच्या रक्षणास कॅल्व्हर्ट नांवाचा इंग्रज अधिकारी होता. उडवूं नको असा त्यास लेखी बंधनाचा हुकूम. पण त्यानें तो मोडून पूल उडवावा असें वरिष्ठांच्या मनांत होतें आणि तसा हुकूम देण्याची त्यांस सोय नव्हती, अशी हकीकत सांगतात. एरवीं हुकूम न मानण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या या गृहस्थानें नेमका तो एक हुकूम मानला. पुढच्या वर्षीं विंगेटच्या तुकड्यांकडून पूल उडविण्याचा बेत झाला. तोही तडीस गेला नाहीं.

आमच्याकडे या काळांत काय चाललें होतें याचा एक चढता आंकडा आहे. जमशेटजी टाटा यांनीं १९०२ सालीं अमेरिकेस जाऊन पोलादाच्या कारखान्यासाठीं इंजिनियर शोधले. म्हणजे ज्या देशानें गोक्तेक जिंकलें त्याच देशाकडे ते विद्येसाठीं गेले. लंडनच्या सराफ्यानें भांडवल दिलें नाहीं. १९०७ सालीं मुंबईंत वर्गणी उघडली तेव्हां तीन आठवड्यांत सुमारें आठ हजार हिंदी लोकांनीं सोळा लक्ष तीस हजार पौंडांचे भाग उचलले. त्यांत संस्थानिक होते तसे पेढीवाले, वकील व सामान्य गृहस्थही होते. १९१२ सालीं साकची येथें पहिलें पोलाद निघालें. १९४३ सालीं हावड्याचा पूल सुरू झाला; त्याच्या साडेसव्वीस हजार टन पोलादापैकीं तेवीस हजार टन टाटांचें होतें. आणि ता. ६ जून २०२५ रोजीं काश्मीरांत चिनाब नदीवर ३५९ मीटर उंचीची रेल्वेची कमान खुली झाली. गोक्तेकच्या स्फोटास त्या वेळीं अडीच महिनेच अवकाश होता.

स्वातंत्र्यानंतरच्या ब्रह्मदेशांत या पुलाचे हाल निराळे झाले. ता. ४ जानेवारी १९४८ रोजीं देश स्वतंत्र झाला. पूल ब्रह्मी सरकारचा झाला. पण शान मुलुखांतील बंडें तेव्हांपासून शमलीं नाहींत. पुलाच्या दोन्ही टोंकांस शिपायांचे पहारे बसले आणि कित्येक वर्षें त्याचें छायाचित्र घेण्यासही मनाई होती. पहारा कडक, रंग, खिळे व सांधे यांची काळजी मात्र ढिली. १९९० नंतरच्या दशकांत मोठी दुरुस्ती करावी लागली. २०२१ सालीं लष्करानें सत्ता बळकाविली, यादवी देशभर पसरली, आणि गोक्तेकजवळचें नाँगखिओ गांव २०२४ सालीं तआंग सैन्यानें घेतलें. २०२५ च्या जुलैंत लष्करानें तें परत घेतलें. पुढच्याच महिन्यांत स्फोट.

वकील या नात्यानें या वादाकडे पाहिलें तर दोन्ही पक्षांचीं विधानें स्वतःच्या हिताचीं आहेत. तेवढ्यावरून कोणाही न्यायाधीशास निकाल देतां येणार नाहीं. निकाल द्यावयाचा तर तुटलेल्या पोलादाची साक्ष काढली पाहिजे. सुरुंग खालून किंवा सांध्यांत लावला तर पट्ट्या एका तऱ्हेनें फाटतात, वरून बाँब पडला तर दुसऱ्या तऱ्हेनें. स्लीपर व रूळ कोणत्या बाजूस वांकले हें पाहतां येतें, आणि ही तपासणी त्रयस्थ तज्ज्ञास जागेवर जाऊं दिलें तरच होऊं शकते. लष्करी सरकारानें छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. मुद्देमाल एका पक्षाच्या ताब्यांत, पंचनामाही त्याच पक्षाचा, आणि आरोपी दुसरा पक्ष, अशा खटल्यास आमच्या तालुक्याच्या कोर्टांतही फार वेळ लागणार नाहीं. दरम्यान लाशिओ, चौमे व नामटू येथील व्यापाऱ्यांस, पाठीवर टोपल्या घेऊन या गाडीनें बाजारास जाणाऱ्या बायांस आणि पुलावरचे खिळे तपासणाऱ्या त्या बिननांवाच्या गँगमनास या चौकशींत कोणीं साक्षीस बोलाविल्याचें आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.